अनवाणी तोडलेली फुलं

अंबूबाई गेली तेव्हा तिचा चेहरा असा गोल गरगरीत होता, की शेवटचं बघायला आलेली एक बाई म्हणाली, "किती भरल्या अंगाची होती हो, आणि अचानक असं कसं झालं?" एरवी मी तिला तिथंच सुनावलं असतं. माझं तोंड फटकळ आहे, आमच्या सगळ्या मखमलाबाद गावाला माहीत आहे. पण मयताच्या घरी तोंड आवरावं लागतं, म्हणून गप्प बसले. ते भरलेपण अन्नाचं नव्हतं. ते गोळीचं होतं, आणि त्या गोळीनंच तिला नेलं.

अंबूबाई माझी थोरली जाऊ. तिचे मालक सावळीराम, म्हणजे माझे थोरले भाऊजी, आणि माझे मालक यादव हे दोघं सख्खे भाऊ. मळा एकच, चूल एकच, आणि त्या चुलीवर राज्य अंबूबाईचं. मी तिला बाई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. ती मला वच्छे म्हणायची. माझं नाव वत्सला, पण तिच्या तोंडी ते कधी आलं नाही.

मी लग्न होऊन आले ते एक्याण्णवच्या सिंहस्थाच्या तोंडावर. नाशकात साधू जमायला लागलेले आणि आमच्या मळ्यात फुलांना उसंत नाही. हळदीचं अंग घेऊन दुसऱ्याच दिवशी पहाटे मी बाईंच्या मागं मळ्यात गेले. माहेरी आमची कांद्याची शेती, विंचूरकडची. कांद्यात कोणी चपला काढून जात नाही. मी नव्या करकरीत चपला घालून शेवंतीच्या वाफ्यात पाय ठेवणार, तेवढ्यात बाईंनी दंड धरला.

"काढ आधी त्या," ती म्हणाली. "फुलं कुणाच्या गळ्यात जायची हायेत, माहीत हाय का? चपलेनं आपण कुठं कुठं जातो. ती धूळ देवाला द्यायची का?"

मी चपला बांधावर काढल्या. आमच्या मळ्याचा तो नेमच होता. बाईंना तो सासूबाईंनी, म्हणजे सावित्रीबाईंनी घालून दिला होता. फुलांच्या वाफ्यात अनवाणी जायचं, मग पाऊस असो, चिखल असो, नाहीतर थंडीनं बोटं बधिर होवोत. पहिली पाटी भरली की त्यातली निवडक फुलं घेऊन बाई तिथंच बसून माळ करायची आणि ती गावदेवीला नेऊन घालायची. बाकीची फुलं मग फुलबाजारात. ती माळ तिनं कधी चुकवली नाही. अंगात ताप असला तरी जायची. लेकीच्या, मनीषाच्या वेळी बाळंतीण झाली, तेवढे सोयराचे दिवस काय ते राहिली असेल. तिचं असं ठाम होतं, की आपल्या हातची माळ देवीला जाते म्हणून घर उभं आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला बरी वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हा आमच्याकडे संडास नव्हता. पुरुषमाणसं नाल्याकडे जायची. आम्ही बायका मळ्याच्या वरच्या अंगाला, हत्तीगवताच्या आडोशाला. पाण्याचा पाट त्या गवताच्या कडेनंच यायचा आणि खाली फुलांच्या वाफ्यात शिरायचा. पाऊस झाला की वरचं सगळं धुपून खाली येणार, हे काय सांगायला पाहिजे? म्हणजे चपलेची धूळ देवाला चालत नव्हती आणि हे चालत होतं. मी एकदा बोलून दाखवलं. बाई हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "माती सगळं पोटात घेते, वच्छे. तू नको तिथं डोकं चालवू नको."

पावसाळ्यात आमच्या दोघींच्या पायांना खाज सुटायची. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या कडेला. आम्ही त्याला चिखल्या म्हणायचो आणि हळद-तेल लावायचो. कधी कधी कमरेवर, मांडीवर लाल वळ उठायचा. सकाळी कमरेपाशी असलेला दुपारपर्यंत चार बोटं पुढं सरकलेला असायचा. बाई म्हणायची, पित्त उठलंय. आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला लावायचो, दोन दिवसांत वळ जायचा. मधूनच पोटात मुरडा यायचा, त्याला ओवा. अकरा वर्षं हे असंच चाललं. कामं काय थांबली नाहीत. एकदाही मनात आलं नाही, की हे सगळं एकाच धन्याचं काम आहे आणि तो धनी आमच्या आतड्यात घर करून बसलाय.

माझं आणि बाईंचं जमायचं, आणि जमायचं नाहीसुद्धा. मी पहिल्यापासून खाणारी. भूक लागली की मला दुसरं काही सुचत नाही. भाकरी तव्यावरून उतरली की माझा हात आधी. बाई सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं. मंगळवार धरायची, शुक्रवार धरायची, एकादशी तर होतीच. मी म्हणायचे, "बाई, तुमचे उपास मोजले तर जेवणाचे दिवस कमी भरतील." ती म्हणायची, "तू जेवतीस ना माझ्या वाटचं, मग झालं." अशी आमची गंमत चालायची. मनीषा, तिची एकुलती एक लेक, आमच्या दोघींच्या मध्ये बसून हसायची.

बाईंचे गुडघे धरायला लागले ते दोन हजार एकच्या थंडीत. आधी गुडघे, मग बोटांची पेरं. फुलं तोडणं म्हणजे सगळा उकिडव्याचा खेळ. वाफ्यात बसायचं, पुढं सरकायचं, पुन्हा बसायचं. ती बसली की उठता येईना, आणि बोटं सुजल्यामुळं देठ खुडता येईना. एका पहाटे बघते तर ती वाफ्यात हातावर रांगत होती आणि फूल दातानं तोडायला बघत होती. मला बघून तोंड फिरवलं. मी म्हटलं, "बाई, राहू द्या. मी तोडते, माळही करते."

"माझ्या हातांनीच करायची हाय," ती म्हणाली. बस्स. त्यावर बोलणं नाही.

मग कोणी तरी तिला नाक्यावरच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे. एका पुडीत चार रंगांच्या गोळ्या. त्यांतली एक बारकी पांढरी, ज्वारीच्या दाण्याएवढी. पी हळद अन् हो गोरी म्हणतात ना, तसंच झालं. तिसऱ्या दिवशी बाई फटाफट उठायला-बसायला लागली. सूज उतरली. भूक लागायला लागली. माझ्याआधी पाटावर बसायला लागली, म्हणजे बघा. तिला अक्कल होती. कोणती गोळी काम करते, ते तिनं एकेक वगळून शोधून काढलं. मग डॉक्टर नको, पुडी नको. मेडिकलच्या दुकानात जायचं, ती बारकी पांढरी गोळी दाखवायची आणि पाकीटच घेऊन यायचं. दुकानदारानं कधी विचारलं नाही, कोणासाठी आणि किती दिवस.

तिचा चेहरा गोल व्हायला लागला. गाल वर आले. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "अंबूबाई, जावई शोधला का काय? अंगाला चांगलं लागलंय." ती लाजायची. आयुष्यभर हडकुळी राहिलेली बाई, तिला कौतुक वाटायचं. भाऊजींनाही बरं वाटायचं. मलासुद्धा वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग झालं आमचं भांडण. काट्याचा नायटा म्हणतात, तो खरोखरच पायातून झाला. दोन हजार दोनचा दसरा. झेंडूचा सगळ्यात मोठा दिवस. आदल्या दिवशी पाटात काम करताना माझ्या टाचेत काच घुसली. चांगलीच खोल. चिंधी बांधली, पण जमिनीला पाय टेकवेना. पहाटे मी चपला घालून झेंडूच्या वाफ्यात उतरले. मनात म्हटलं, देवीला काय माझा पाय दिसत नाही का? पाटी भरली, शिगोशीग. बाई मागून आली, माझ्या पायांकडे बघितलं. पाटी उचलली, उकिरड्यापाशी गेली आणि सगळा झेंडू शेणावर उपडा केला.

दसऱ्याच्या दिवशी. माझ्या रक्ताळलेल्या पायानं तोडलेला झेंडू. मी जे काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. ती ऐकत उभी राहिली आणि मग म्हणाली, "तुझ्या फुलाला माझा हात लागायचा नाय." मी म्हटलं, "मग तुमच्या वाफ्याला माझा पाय लागायचा नाही."

त्या दिवसापासून अबोला. मी मळ्याच्या खालच्या अंगाला गेले, मेथी-कोथिंबिरीत. तिथं चपलेला मज्जाव नव्हता. एका चुलीवरचा अबोला म्हणजे नुसता तमाशा असतो. दोघी समोरासमोर बसून मनीषाकडून निरोप पाठवायचो. "मनीषा, तुझ्या काकूला म्हणावं, मीठ जास्त झालंय." "मनीषा, तुझ्या आईला म्हणावं, जिभेला चव आली असंल गोळ्या खाऊन." पोरगी वैतागायची. म्हणायची, मी काय टेलिफोन आहे का? पण आम्ही दोघी हेकट. वर्ष होत आलं तरी पहिला शब्द कोणी काढला नाही.

आणि तशात पुन्हा सिंहस्थ आला. मी लग्न होऊन आले त्याला बारा वर्षं झाली होती. दोन हजार तीनचा तो पावसाळा मला डोळ्यांपुढून हलत नाही. आखाड्यांना माळा, रथांना माळा, घाटावर फुलं, जेवढी नेऊ तेवढी कमी. बाई पहाटेपासून वाफ्यात, पोटरीपर्यंत चिखलात, अनवाणी. मी लांबून कोथिंबिरीतून बघायचे. तिनं गोळी एकाची दोन केली. मग सकाळी दोन, संध्याकाळी दोन. गुडघे चालले पाहिजेत, एवढंच तिला कळत होतं.

श्रावणात माझेही गुडघे बोलायला लागले. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण चुलीपाशी उठताना भिंत धरायचे. एके दिवशी मनीषा आली आणि माझ्या हातात एक फडकं ठेवलं. बाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला बाईंची गाठ. ती गाठ मी हजारात ओळखली असती. माळेच्या शेवटी मारायची तशी, दुहेरी. आत त्या बारक्या पांढऱ्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं, कात्रीनं कापलेलं. मनीषा म्हणाली, "आई म्हणते, तुझ्या काकूला म्हणावं, लय गुण हाय. दोन वेळा घे म्हणावं."

बाईंच्या बाजूनं अबोला सुटला होता, हे मला कळलं. ऐन घाईच्या दिवसांत, तिला स्वतःला पुरत नव्हत्या तेव्हा तिनं माझ्यासाठी अर्ध्या काढल्या होत्या. पण शेणावरचा झेंडू माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मी मनीषाला म्हटलं, "ठेव त्या फळीवर." लोणच्याच्या बरणीमागं ते फडकं पडून राहिलं. बाई दोन-चार दिवस माझ्या चालण्याकडे बघत होती, गुण आला का म्हणून. मी मुद्दाम लंगडत चालले. मग तिनं बघणं सोडलं.

गणपती झाले आणि बाईंचं पोट बिघडलं. आधी नुसतं फुगायचं. मग जेवण ठरेना, उलट्या व्हायला लागल्या. पोटावर, कमरेवर ते लाल वळ पुन्हा उठले, पण आता एक-दोन नाही, जाळंच. आमसुलाच्या पाण्यानं जाईनात. मग खोकला लागला. रात्रंदिवस धाप. छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. नाक्यावरच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, दमा आहे. आमच्या घरात कोणाला दमा नाही, तिच्या माहेरी नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईला एकाएकी दमा कुठून येतो? पण डॉक्टर म्हणतात म्हटल्यावर आम्ही काय बोलणार. त्यांनी इंजेक्शन दिलं. ते त्या पांढऱ्या गोळीच्याच जातीचं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. एक दिवस बरं वाटलं, बाई उठून माळसुद्धा करून आली. दुसऱ्या दिवशी श्वास घेता येईना.

घट बसले त्या दिवशी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पदरानं तिचं तोंड पुसत होते, पाणी पाजत होते. आणि तरी आम्ही बोललो नाही. माणूस किती मूर्ख असू शकतं बघा. ती डोळे उघडून माझ्याकडे बघायची आणि मिटायची, मी खिडकीबाहेर बघायचे.

दवाखान्यात दोन दिवस कोणाला काही उमगेना. रक्तात विष भिनलंय, फुप्फुसात पाणी आहे, असं एकेक सांगायचे. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. तरुण होत्या, चश्मा घातलेल्या. बाईंची थुंकी त्यांनी भिंगाच्या यंत्राखाली धरली होती. "घरचं कोण आहे?" म्हणाल्या. भाऊजी औषधं आणायला गेलेले, म्हणून मी आणि मनीषा गेलो. त्यांनी मला यंत्रातून बघायला लावलं. आधी काही दिसेना. मग दिसलं. शेवयांचे बारीक तुकडे असावेत तसं काहीतरी, पण जिवंत, वळवळणारं. थुंकीत. मी डोळा काढून घेतला.

"या बाई अनवाणी काम करतात का? ओल्या मातीत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आयुष्य गेलं त्यातच."

"आणि कसल्या गोळ्या घेतात का? दुखण्यावर, दम्यावर?"

मनीषानं आईच्या पिशवीतलं पाकीट काढून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेतलं, उलटून बघितलं आणि खुर्चीवर बसल्या. 

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. हा जंत पायाच्या कातडीतून आत शिरतो. ज्या मातीत माणसाची घाण मिसळते, त्या ओल्या मातीत तो असतो. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, तिथून गिळला गेला की आतड्यात. दुसरे जंत पोटात जितके गेले तितकेच राहतात, त्यांची पिल्लं बाहेर पडतात. हा मेला आतल्या आत वाढतो. एकदा शिरला की वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहतो. पण माणूस धडधाकट असेल, तर अंगातली राखण त्याला वेसण घालून ठेवते. जरा खाज, जरा मुरडा, यापलीकडे तो काही करू शकत नाही. कित्येकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. ती पांढरी गोळी म्हणजे स्टेरॉइड. तिनं गुडघ्याची सूज उतरते ती कशी? अंगातली राखणच झोपते म्हणून. आणि राखण झोपली, की यांना रान मोकळं. हजारांची लाखो पिल्लं होतात, आतडं फोडून निघतात, सगळ्या अंगभर जातात आणि जाताना आतड्यातली घाण रक्तात नेतात.

म्हणजे जंत तोच होता. बारा वर्षं, कोणास ठाऊक त्याच्याही आधीपासून, तिच्या पोटात गपगार पडून होता. त्याला वाघ केला तो गोळीनं.

मला राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून डॉक्टरीणबाईंवरच काढला. म्हटलं, "मीपण त्याच चिखलात राबले, त्याच पाटाचं पाणी. मग मला कसं काही झालं नाही? मला का सोडलं त्यानं?"

त्यांनी मला विचारलं, "तुम्ही या गोळ्या घेतल्यात?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"तुमची पण तपासणी करू," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी समजलं. माझ्याही पोटात तेच. चपला घालायला लागून वर्ष झालं होतं, तरी होतेच. भाऊजींचीही तपासणी झाली, त्यांच्याही पोटात होते. आम्हाला दोघांना जंताचं औषध दिलं, साधं, घरी जाऊन घ्यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगलं खाणंपिणं असतं त्याचं अंग टिकाव धरतं, उपाशी अंग लवकर हरतं. पण तुम्ही वाचलात ते त्यामुळं नाही. त्या गोळ्या खाल्ल्या असत्या, तर आज शेजारच्या खाटेवर असता." मला लोणच्याच्या बरणीमागचं फडकं आठवलं.

बाईंनाही तेच औषध नळीतून देत होते, पण उशीर झाला होता. भाऊजी तिच्या खाटेपाशी उभे राहून मोठ्यानं बोलत होते, त्यांना हळू बोलता येत नाही. "गोळीनं केलं म्हणत्यात. त्या पांढऱ्या गोळीनं जंत उठले म्हणत्यात." मी त्यांना खुणावत होते, गप्प बसा. बाई डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं, ग्लानीत आहे.

भाऊजी बाहेर गेले आणि तिनं डोळे उघडले. तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला. मी तो परत लावायला गेले तर माझं मनगट धरलं. पकड तशीच, चपला काढायला लावताना दंड धरला होता तशी.

"वच्छे," ती म्हणाली. वर्षानं मला हाक मारली. "तुला दिलेल्या... त्या खाल्ल्यास?"

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. जीव जात होता, पण तिला भीती त्याची नव्हती. आपल्या हातानं जावेला विष पाठवलं की काय, ही भीती होती. अशी घाबरलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"नाय खाल्ल्या," मी म्हटलं.

"खरं सांग."

"देवीची आण. फळीवर पडल्यात, बरणीच्या मागं. गाठसुद्धा सोडली नाय मी. राग होता मला."

तिनं डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं. कितीतरी वेळ नुसती धापत होती. मग म्हणाली, "बरं झालं. तुझा राग कामाला आला." आणि त्या गोल गरगरीत तोंडावर जरा हसू आलं.

मी पदरानं तिचे डोळे पुसले. ती पुन्हा म्हणाली, "माळ चुकवू नको."

माझं तोंड फटकळ, ते अशा वेळीसुद्धा गप्प बसलं नाही. मी रडत रडत म्हटलं, "करीन माळ. पण चपला घालून तोडीन फुलं. आधीच सांगते."

तिनं माझ्याकडे बघितलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "तुला कुणी आवरलंय कधी?" म्हणाली. मग मी मास्क लावला. त्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

त्या दसऱ्याला आमचा झेंडू कोणी तोडला नाही. सुतकात फुलाला हात लावायचा नाही, म्हणून झाडावरच वाळला. मी घरी आल्या आल्या फळीवरचं फडकं काढलं. गाठ दातानं सोडवावी लागली. गोळ्या चुलीत टाकल्या. फडकं धुऊन पेटीत ठेवलं.

तेरावा झाला आणि मी आमच्या ह्यांना सांगितलं, आधी संडास बांधायचा, मग बाकी सगळं. ते म्हणाले, पुढच्या साली बघू. मी म्हटलं, मग स्वयंपाकही पुढच्या सालीच करते. बांधला. पाट वळवला. बाजारातून रबराचे बूट आणले, एक जोड माझ्यासाठी, एक मनीषासाठी. भाऊजी बूट बघून उठून बाहेर गेले. त्यांचं मला वाईट वाटलं, पण बूट परत केले नाहीत.

मग एका पहाटे मी बूट घालून शेवंतीच्या वाफ्यात उतरले. वर्षानंतर पहिल्यांदा. शेवंती भरगच्च फुलली होती, तिला काय माहीत कोण गेलं आणि कोण राहिलं. मी खाली मान घालून तोडत गेले. पाटी भरली, शिगोशीग. मी ती बांधावर ठेवली आणि तिथंच उभी राहिले. किती वेळ उभी होते ते माहीत नाही. मला वाटत होतं, मागून कोणी तरी येईल, माझ्या पायांकडे बघेल, पाटी उचलेल आणि नेऊन उकिरड्यावर उपडी करेल. मी वाट बघत होते. या वेळी मी एक शब्द बोलले नसते.

कोणी आलं नाही. मग मी खाली बसले, माळ केली, शेवटी तिची दुहेरी गाठ मारली आणि देवळाकडे गेले.